येरेमीची बदली

बफेलो, ऑगस्टचा दुसरा आठवडा

प्रिय बाबा,

मर्सेदेसमावशी शनिवारच्या विमानाने घरी येते आहे, तिच्या हाती हे पत्र देतेय. सोबत आईची रक्तदाबाची औषधं आहेत आणि तुमच्या गुडघ्यांसाठी दोन पट्टे. मागच्या वेळचे सैल होत होते, म्हणून या वेळी दुकानदाराला तुमचा जुना फोटोच दाखवला. तो म्हणाला, या माणसाच्या मांड्या खेळाडूच्या आहेत. मी म्हटलं, होत्या, आता ते डॉमिनो खेळतात. तरी त्याने मोठाच पट्टा दिला. बसला नाही तर आईला शिवण घालायला सांगा, फेकून देऊ नका.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची सवय आहे, म्हणून तसं लिहून टाकते. आजारी नाहीये. आईने उगाच मेणबत्त्या लावत बसू नये. झोप लागते, जेवण जातं, पण सकाळी उठले की कालचाच दिवस पुढे चालू आहे असं वाटतं. या उन्हाळ्यात किती गावं फिरले ते आता आठवत नाही. हॉटेलातल्या खोल्या सारख्याच असतात, उशा सारख्याच मऊ असतात आणि सकाळी खिडकीचा पडदा सरकवला की खाली गाड्या लावायची तीच मोठी जागा दिसते. परवा एका खोलीत मी दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपडत होते, आणि मग कळलं की ते बटण आधीच्या गावातल्या खोलीत त्या जागी होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला आपली भिंत तरी पाठ असावी.

आमचा बेसबॉलचा क्लब मात्र जिंकतोय. तुम्ही ज्याला रेड्यांचं गाव म्हणता त्या गावाची तऱ्हाच बदलली आहे. माझ्या गल्लीतला पाववाला गेली पाच-सहा वर्षं मला पाहिलं की मयताला आल्यासारखं तोंड करायचा. आता तो पुडीत एक पाव जास्तीचा टाकतो आणि सांगतो, बाई, या वर्षी होणार. घराघरांवर आमचे झेंडे लागले आहेत. तळ्यावरून वारा आला की सगळे एकदम फडफडतात. ज्यासाठी मला इथे बोलावलं होतं ते झालं, असं आता लोक म्हणतात. मला आनंद व्हायला हवा आणि तो होतोही, पण थोडा उशिरा येतो आणि फार वेळ थांबत नाही.

आईने नाताळात मला विचारलं होतं, “काय गं, तुम्ही मुद्दाम हरता का?” तेव्हा मी हसून विषय बदलला होता. आता हे तिला वाचून दाखवा. मुद्दाम कुणी हरत नाही, आई. मैदानावरचा एकही माणूस हरायला उतरत नाही. पण वर ऑफिसात बसलेले आम्ही एखाद्या जुलैत, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या महिन्यात, ठरवतो की हा संघ म्हातारा झाला, याच्याने आता काही व्हायचं नाही. मग त्यातले जे अजून इतरांना हवेहवेसे वाटतात, ते जिंकणाऱ्या क्लबांना देऊन टाकायचे आणि बदल्यात त्यांची कोवळी पोरं घ्यायची, ज्यांची नावं कुणी ऐकलेली नसतात. चांगले गेल्यावर संघ हरतोच. जो जास्त हरतो त्याला वर्षाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे इथल्या शाळा-कॉलेजांतल्या पोरांची क्लबांमध्ये वाटणी होते तेव्हा, लवकर निवडायला मिळतं. आणि तिसरी वाट आपल्याकडची, बेटावरची. आपल्या पोरांना ड्राफ्ट नाही, त्यांच्या दारात जावं लागतं, सोळा वर्षांच्या पोराच्या घरी बसून त्याच्या आईच्या हातचं जेवून करार करावा लागतो. या तिन्ही वाटांनी पोरं गोळा करायची, खालच्या संघांतून वाढवायची आणि तोवर गावाच्या शिव्या खायच्या. यातली तिसरी वाट क्लबने माझ्याकडे दिली होती, आणि पहिल्याच वर्षी ती वाट मला आपल्या गावी, बानीत, तुम्ही पोरांना शिकवता त्याच मैदानावर घेऊन आली.

बाबा, मला ती नोकरी लागली तेव्हा तुम्ही अंगणात खुर्ची उन्हातून सावलीत ओढत होतात. मी सांगितलं, आणि तुम्ही न थांबता म्हणालात, “म्हणजे आता गवंडी झालीस.” आईला कळलं नाही, मला कळलं. तुम्ही मिलवॉकीच्या क्लबात खेळत होतात तेव्हाचं ते घर मला आठवतं. मे महिना असेल, कारण शाळा चालू होती आणि शाळेच्या नाटकात मला मक्याचं कणीस व्हायचं होतं. आई शिलाई मशीनवर हिरवी पानं जोडत होती. तुम्ही मैदानावर असायला हवं होतं त्या वेळी खांद्यावर बॅग घेऊन दारात उभे राहिलात. आईने पाय मशीनवरून काढला आणि विचारलं, “कुठे?” तुम्ही म्हणालात, “टेक्सस.” मग तिने विचारलं, “तुम्हाला विचारलं तरी का त्यांनी?” आणि तुम्ही बॅग खाली ठेवत म्हणालात, “विटेला विचारतात का, कुठल्या भिंतीत बसतेस म्हणून?” तुम्ही हसलातही. आई हसली नाही. कणसाची ती अर्धी शिवलेली पानं तिने कागदात गुंडाळून बॅगेत घातली, जसं काही टेक्ससमध्येही तेच नाटक चाललं असेल. मी त्या रात्री तुमच्यावर रागावले होते. तुम्ही ‘नाही’ का म्हणत नाही, एवढंच मला कळत नव्हतं. नाही म्हणायचा हक्क कुणाला असतो आणि कुणाला नसतो हे कळायला मला याच धंद्यात यावं लागलं.

आता जुलैचं सांगते. तुम्हाला शेवटचं ठाऊक आहे, पण ते तिथवर कसं गेलं हे ठाऊक नाही, आणि रेडिओवाल्यांनाही ते ठाऊक नाही.

आमच्याकडे फाउस्तो आहे ना, कॅचर, आपल्या शेजारच्या आसुआचा. तुम्ही त्याला खेळताना पाहिलं आहे आणि चेंडू झेलायला फलंदाजामागे बसतो तेव्हा बेडकासारखा बसतो म्हणून नावंही ठेवली आहेत. हरण्याच्या सगळ्या वर्षांत तो इथेच होता. दर जुलैत शेजारच्या कपाटांतून एकेकाचं सामान निघताना त्याने पाहिलं आणि नव्या पोरांना चेंडू कसा मागायचा ते शिकवत राहिला. या वर्षी जिंकायला लागल्यावर मालकाला घाई झाली. एक मोठा पिचर आणा, म्हणाला, आत्ता. सॅन डिएगोकडे तसा पिचर होता आणि त्यांना अनुभवी कॅचर हवा होता. आमच्याकडे खालून एक तरुण कॅचर तयार होऊन आलेला आहेच. तेव्हा हिशेब सरळ होता, फाउस्तो द्यायचा. फक्त फाउस्तोची दहा वर्षं वरच्या दर्जात झालेली आणि त्यातली शेवटची पाचांहून जास्त एकाच क्लबात, त्यामुळे नियमाने त्याला बदलीला नाही म्हणता येतं. आमचे साहेब, हॅलोरन, मला म्हणाले, “तू जा. तुमची भाषा एक आहे. तुझं ऐकेल तो.”

सोमवारी सुट्टी होती, मी दुपारी त्याच्या घरी गेले. योकास्ताने, त्याच्या बायकोने, दारातच माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आधी जेवा बाई. काय सांगायचं ते जेवल्यावर सांगा, नाहीतर माझं सांकोचो वाया जाईल.” तिने खरंच आपल्याकडच्यासारखं सांकोचो केलं होतं, मक्याचे तुकडे, रताळं, बोकडाचं मटण, सगळं. त्यांच्या मुली टेबलाखाली एकमेकींना लाथा मारत इंग्रजीत भांडत होत्या. जेवण झाल्यावर फाउस्तो म्हणाला, “बोला. मी गेलो तर बदल्यात कोण येतं?” मी पिचरचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “चांगला आहे.” मी म्हटलं, “फार चांगला आहे.” तो म्हणाला, “मग त्याचे चेंडू झेलायला कुणीतरी शहाणा नको का? मलाच देऊन कसं चालेल?” योकास्ता स्वयंपाकघरातून हसली. मग तो गंभीर झाला. म्हणाला, “नेरे, हरलो तेव्हा मी होतो. आता जिंकतोय, आणि जायचं मीच? पोरींना इथे शाळेत ओळखतात, बर्फात खेळतात त्या, त्यांना समुद्राची भीती वाटते. मला हक्क आहे ना?” मी म्हटलं, “आहे.” “मग तू काय सांगशील मला? क्लबची माणूस म्हणून नको, पेगेरोंची पोर म्हणून सांग.” मी म्हटलं, माझ्या बाबांना तो हक्क नव्हता, असता तर मी मक्याचं कणीस झाले असते. त्याला काही कळलं नाही, पण तो म्हणाला, “मग नाही. जाऊन सांग त्यांना.”

परत येताना गाडीत मी गाणं म्हणत होते, बाबा. कितीतरी दिवसांनी. कुणीतरी नाही म्हणालं आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं, एवढ्यानेच मला हलकं वाटलं. त्या नाहीची भरपाई कुणाला तरी करावी लागणार, हे इतकी वर्षं हे काम करूनही माझ्या डोक्यात आलं नाही. हॅलोरनना सांगितलं तेव्हा ते चिडलेही नाहीत. म्हणाले, “ठीक. मग सिएटलशी बोलू.” सिएटलकडेही चांगला पिचर होता आणि सिएटलला शॉर्टस्टॉप हवा होता, तरुण.

शॉर्टस्टॉप आमच्याकडे दोन. एक केलब, ओक्लाहोमाचा, ड्राफ्टमध्ये आम्ही सगळ्यांत आधी उचललेला, इतक्या वर्षांच्या हरण्याचं जणू बक्षीस. दुसरा आपला येरेमी, तुमच्या हाताखाली शिकलेला. दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधला तो पट्टा एकट्याचाच असतो, तिथे दोघे उभे राहू शकत नाहीत. वर्षभर आम्ही आज हा, उद्या तो असं करत होतो आणि दोघे मित्रही झाले होते. येरेमी केलबला शिव्या शिकवायचा, आणि केलब त्या आपल्या आजीला फोनवर म्हणून दाखवायचा.

येरेमीच्या कराराचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही पांढरा शर्ट घालून केनियाच्या, त्याच्या आईच्या, अंगणात बसला होतात, जणू मुलाकडची मंडळी तुम्हीच. केनियाने माझे दोन्ही हात धरून विचारलं होतं, “तिथे याचं कोण आहे?” आणि मी म्हटलं होतं, “मी आहे ना.” या धंद्यात असं कुणी म्हणत नाही. पण मी बानीची आहे, तुमची मुलगी आहे, आणि तिने बकरी कापली होती. तोंडातून गेलं.

बुधवारी सकाळी बैठक झाली. भिंतीवर दोघांची नावं आणि खाली आकड्यांच्या रांगा. आकडे सांभाळणारी पोरं हुशार आहेत, मला आवडतात, ती खोटं बोलत नाहीत. ती म्हणाली, आकड्यांत दोघांमध्ये फारसा फरक नाही, येरेमी आज थोडा पुढे आहे. सिएटल दोघांपैकी कुणालाही घ्यायला तयार होतं. मग हॅलोरन माझ्याकडे वळले. “नेरे, तू दोघांना सुरुवातीपासून बघते आहेस. कुणाला ठेवायचं?” खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की मी येरेमी म्हणणार. म्हटलं असतं तर बहुधा तसंच झालं असतं, कारण त्यांना फक्त कुणीतरी बोट दाखवायला हवं होतं. येरेमी माझा आहे, मला विचारू नका, असं म्हणूनही सुटले असते. कुणी काही म्हटलं नसतं.

बाबा, मी लहान असताना तुम्ही मला बाकावर बसवायचात आणि म्हणायचात, चेंडू बघू नकोस, चेंडू सगळ्यांनाच दिसतो, पाय बघ. मी पाय बघत मोठी झाले. चेंडू उजवीकडे, खोल गेला की येरेमीचा पहिला पाय चुकीचा पडतो. अर्धं पाऊल मागे आणि मग पुढे. तुम्ही त्याला लास सालिनासच्या वाळूत अनवाणी पळवलंत, कमरेला दोरी बांधून पळवलंत, आणि तरी तो पाय राहिला. त्याचे हात आणि त्याचा खांदा असा आहे की बाविसाव्या वर्षी तो ते अर्धं पाऊल भरून काढतो. सत्ताविसाव्या वर्षी नाही भरून निघणार. तेव्हा त्याला दुसऱ्या बेसला, कमी पल्ल्याच्या जागेवर, जावं लागेल, तुमच्यासारखं. केलबचा पाय स्वच्छ आहे. हे मला दिसत होतं, तुम्हालाही दिसतं, आणि त्या खोलीत ते मला एकटीलाच दिसत होतं. मी म्हटलं, “केलबला ठेवा.” हॅलोरननी विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.”

म्हणजे क्लबने नाही, मी. रेडिओवर ते क्लबचं नाव घेतात, तुम्हीही कोपऱ्यावरच्या दुकानात बसून क्लबला शिव्या दिल्या असतील. हे तुम्हाला माझ्याकडून कळावं असं मला वाटलं. मी माफी मागत नाहीये. उद्या कुणी परत विचारलं तरी हेच सांगेन, आणि म्हणूनच कदाचित एवढी थकले आहे. चूक झाली असती तर रडून मोकळी झाले असते.

क्लबवाले येरेमीला फोनवरून कळवणार होते. मी म्हटलं, मी सांगते. तो खाली फलंदाजीच्या जाळीत एकटाच मारत होता, कानात गाणी. मला पाहिलं आणि तार काढून म्हणाला, “नेरेताई, आज केळ्याचं मंगू आणलंय का? या लोकांचा नाश्ता म्हणजे गवत आहे.” मी म्हटलं, “हात पूस. बस.” चेंडूंची रिकामी बादली उलटी करून तो त्यावर बसला आणि माझ्या तोंडाकडे बघता बघता त्याचं हसू गेलं. मी सगळं सांगितलं. तो बॅटच्या मुठीवरची पट्टी सोडवू लागला. मग म्हणाला, “फाउस्तोला विचारलं होतं ना तुम्ही?” मी म्हटलं, “त्याला हक्क आहे. तुझी अजून दहा वर्षं झाली नाहीत.” तो म्हणाला, “दहा वर्षं झाल्यावर मला मागणार कोण?” मग त्याने विचारलं, “कुणी ठरवलं?” मी क्लबने म्हणणार होते, तोंड उघडलंही होतं. म्हटलं, “मी.” त्याने वर पाहिलं. “पाय?” मी मान डोलावली. तो म्हणाला, “मास्तर म्हणायचे, हा पाय तुला एक दिवस घराबाहेर काढेल.” राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं. उठला, पट्टी परत गुंडाळली आणि यंत्रात राहिलेले चेंडू मारून संपवले, एकही न सोडता. मी तिथेच उभी होते. शेवटी जाताना म्हणाला, “मास्तरांना कोण सांगणार?” मी म्हटलं, “मी सांगते.” पण इथून विमानतळावर त्याला सोडून येईपर्यंत तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या रेडिओने सांगून टाकलं होतं.

निघताना त्याने फाउस्तोला मिठी मारली. फाउस्तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी जवळ आला आणि विचारलं, “मी हो म्हटलं असतं, तर पोरगा इथेच असता ना?” मी म्हटलं, “तू काही केलं नाहीस.” तो म्हणाला, “ते नाही विचारलं मी.” मी म्हटलं, “हो, असता.” त्याने मास्क डोक्यावरून खाली ओढला आणि जाऊन बसला, बेडकासारखा. योकास्ताचा निरोप आला आहे पुढच्या रविवारी जेवायला या म्हणून. जावं की नाही ते ठरवलेलं नाही.

बदल्यात आलेला पिचर चांगला आहे. पहिल्या दिवसापासून सामने जिंकून देतोय, लोक त्याच्या नावाचे शर्ट घालून हिंडतात. केलब आता रोज खेळतो. परवा त्याने उजवीकडे खोल गेलेला एक चेंडू असा उचलला की सगळं मैदान उभं राहिलं. त्या क्षणी मला कळलं की मी बरोबर होते, आणि मी जाऊन पायऱ्यांवर बसले. नंतर केलब मला भेटला तर म्हणतो, “बाई, तो असता तर त्याने मला यावर चांगली शिवी दिली असती.” त्याला येरेमीची आठवण येते. इथे ती आणखी कुणाला येते असं दिसत नाही, लोक जिंकण्यात दंग आहेत.

येरेमीचं तिकडे बरं चाललेलं नाही. मी त्याचे सगळे सामने बघते, आमचे सोडूनसुद्धा. चेंडू बॅटला लागत नाही. पायाचं राहू दे, त्याचे हातच गेले आहेत, ते हात बाबा, ज्यांच्यासाठी मी साहेबांना अर्ध्या बेटातून तुमच्या मैदानापर्यंत आणलं होतं. फलंदाजीला उभा राहिला की खांदे कानापर्यंत चढतात. तिकडची मंडळी त्याला खालच्या संघात पाठवायचं बोलत आहेत. पोरं खाली जातात आणि परत येतात, हे मला ठाऊक आहे. सगळीच येतात असं नाही, हेही.

गेल्या आठवड्यात त्याने मला फोन केला. मला वाटलं, शेवटी शिव्या देणार. तर म्हणाला, “ताई, मास्तर माझ्यावर रागावलेत का?” मी विचारलं, “असं का वाटलं तुला?” म्हणाला, तो तुम्हाला रोज फोन करतो आणि तुम्ही उचलत नाही. मला आईकडून कळलं की त्या दिवसापासून अमेरिकेतला नंबर दिसला की तुम्ही फोन पालथा करून अंगणात निघून जाता. ते माझ्यासाठी आहे, मला माहीत आहे, आणि मला ते चालेल. पण येरेमीचा जुना फोन विमानतळावर हरवला. आता त्याचा नंबर सिएटलचा आहे, तुमच्या ओळखीचा नाही. जो नंबर रोज येतो आणि तुम्ही पालथा घालता, तो येरेमीचा आहे, माझा नाही. त्याला वाटतंय की एका क्लबने काढून टाकलं म्हणून तुम्हाला त्याची लाज वाटते. मी कितीही सांगितलं तरी तो माझं कसं मानणार? हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, बाकीचं सगळं लिहिता लिहिता आलं. माझा फोन नका उचलू, मी थांबेन. त्याचा उचला. तो मैदानावर जायच्या आधी करतो, तेव्हा तुमच्याकडे चार वाजलेले असतात आणि आईने कॉफी टाकलेली असते. रागावायचं असेल तर त्याच्यावर रागवा, मिलवॉकीचं सांगा, टेक्ससला पहिले तीन आठवडे तुमचाही चेंडू लागत नव्हता ते सांगा, नाहीतर काहीच बोलू नका आणि त्याला बोलू द्या. पण उचला.

तुमचीच,
नेरे